लेटाप

शांतीबरोबर शेवटचं काम केलं ते तुरीच्या ओल्या शेंगा सोलायचं. दिवेलागणीची वेळ, समोर टीव्ही. ती सोलायची अन् मी दाणे तोंडात टाकायचो. "भाजीले ठेवसान काई?" म्हणाली.

माझी बायको चौथी शिकलेली, मी तिच्याहून एक यत्ता कमी. पण तिला एक इंग्रजी बोल येत होता. आमची पोरगी उमरखेडला शाळेत इंग्रजी शिकवते. एकदा मी ओलिताच्या पाळीवरून भांडून घरी आलो, तर ती फोनवर आईला म्हणाली, बाबांना 'लेट ऑफ स्टीम' करू दे. मनात दाटलेला राग बोलून मोकळा केला, की त्याला इंग्रजीत वाफ सोडली म्हणतात. शांतीने त्याचं 'लेटाप' केलं. मी आरडाओरड करून दमलो की विचारायची, "झालं लेटाप? मंग जेवा."

कुकरची वाफ काढायची तरी लेटापच. पोरगी सांगे, आई, ते माणसासाठी म्हणतात. ही म्हणे, "कुकर का मुका हाय? शिटीनं बोलतेच ना तो."

पुढे शेजारच्या बाया लेटाप करायलाच आमच्या ओट्यावर येऊ लागल्या. बेबी सुनेवर चिडून आली की शांती पाट सरकवायची अन् तांदूळ निवडत ऐकायची. मध्ये बोलायची नाही. बेबी उठली की एवढंच, "हलकं वाटते ना?" एकीचं दुसरीला कधी सांगितलं नाही, मलाही नाही. हिचं कोण ऐकतं, हे माझ्या डोक्यात आलं नाही. माझं तोंड मोठं. जन्मभर मीच बोललो.

त्या संध्याकाळी शेंगा संपल्या तशी पदर झटकून म्हणाली, "आज मले लेटाप करायचं हाय."

मला हसू आलं. "तुले? उद्या कर. बातम्या पाहून राह्यलो मी."

"बरं, उद्या," म्हणाली अन् टरफलं गोळा करून आत गेली.

सकाळी उठली नाही. दोन हाका मारल्या. हात लावला, थंड. बेबीला बोलवायला दारापर्यंत गेलो अन् परत फिरलो. बाया आल्या की रडारड सुरू झाली असती. ओट्यावरचा पाट आत आणला, तिच्या उशाशी बसलो.

"कर शांते," म्हटलं, "आता ऐकून राह्यलो."

बराच वेळ बसलो. मध्ये बोललो नाही.