मुलाकडचा माणूस

रेवसपासून मुरुडपर्यंतच्या किनाऱ्यावर खोटं न बोलता ज्याने साठी ओलांडली असा एकच माणूस असेल, आणि तो नेमका माझ्या शेजारी राहायचा. आमचे भाऊजी. माझ्या यजमानांचे मावसभाऊ. सत्यवचनी माणसाची महती पुस्तकात वाचायला बरी वाटते हो. भिंतीला भिंत लावून राहून बघा, म्हणजे कळेल. नवी साडी नेसून बाहेर पडावं, तर ओट्यावरून आवाज यायचा, "वहिनी, रंग तुम्हाला शोभत नाही. कापड मात्र चांगलं आहे." त्यांना 'कसे आहात?' असं विचारायची गावात कोणाची छाती नव्हती. लोक 'बरं आहे' एवढंच ऐकायला विचारतात, हे त्यांच्या गावीच नाही. पोटापासून सुरुवात करून गुडघ्यापर्यंतची खरी परिस्थिती ते सांगायचे, आणि तोवर समोरच्याची एसटी निघून जायची.

उभा जन्म त्यांनी अलिबागला कोर्टात पट्टेवाल्याची नोकरी केली. काम पुकाऱ्याचं, म्हणजे खटल्यातल्या माणसांची नावं मोठ्याने पुकारायची. आवाज असा, की झाडाखाली पेंगत बसलेले पक्षकार दचकून उभे राहायचे. "रोज माणसं शपथ घेतात आणि शपथ ओठांवर ओली असतानाच खोटं बोलायला लागतात," ते म्हणायचे. "ऐकून ऐकून वीट आला, वहिनी. निदान कोर्टाबाहेर तरी माणसाने खरं बोलावं." हे व्रत त्यांनी कुठे पाळू नये? गावातल्या एका म्हाताऱ्याच्या जलदानविधीला सगळ्यांनी उठून मयताचे गुण गायले. भाऊजींची पाळी आली. "माणूस चांगला होता," ते म्हणाले, "पण बायकोशी कधी धड बोलला नाही." त्याची म्हातारी तेवढी पदराआडून हळूच म्हणाली, "व्हय रं बाबा, खरं हाय."

लग्न करायचं राहून गेलं. आधी बहिणींची, मग आईचं आजारपण, मग वय. संध्याकाळी कोर्टातून आले, की स्वतःच्याच दारात उभे राहून खणखणीत आवाजात स्वतःच्या नावाचा पुकारा करायचे आणि मग कुलूप उघडायचे. आत कोणी नसायचं. मला याचं फार हसू यायचं. यजमान गेले, मुलगा आणि सून कामोठ्याला राहायला गेली, तेव्हापासून हसू येईनासं झालं.

गंमत म्हणजे, स्वतः बिनलग्नाचा हा माणूस गावातल्या प्रत्येक पोह्यांच्या कार्यक्रमाला मुलाकडचा माणूस म्हणून जायचा. बोलणी करायला कोणीतरी वजनदार लागतो. इस्त्रीचा सफारी, पांढरे केस, 'आमचे हे कोर्टात होते' अशी ओळख. मुलीकडचे मनातल्या मनात त्यांना न्यायाधीश करून टाकायचे. भाऊजी लगेच सांगायचे, "पट्टेवाला होतो." तरी त्यांच्या बोलण्यावर लोकांचा विश्वास बसायचा. गावातली निम्मी लग्नं त्यांनीच जुळवली. जी मोडली, तीही त्यांनीच मोडली म्हणा.

दिवेआगरचं असंच एक मोडलं. आमच्या गल्लीतल्या एका मुलासाठी आम्ही सगळे गेलो होतो. मुलगा उरणकडे कंटेनरच्या यार्डात कामाला. त्याची आई छाती फुगवून म्हणाली, "पोरगा परमनंट हाय." भाऊजींनी चहाचा कप खाली ठेवला. "कंत्राटी आहे. पण कष्टाळू आहे." आमच्या बाजूला सगळ्यांनी माना खाली घातल्या. मुलीच्या बापाला जरा जोर चढला. "आमची मुलगी तर पदवीधर हाय!" तोच आतल्या दारातून एक बाई म्हणाल्या, "दोन विषय राहिलेत. आणि तिला आत्ता लग्नच करायचं नाही. कोणी विचारलंय का तिला?" ही मुलीची आत्या. निवृत्त शिक्षिका. भावाच्या पोरांचं करता करता त्यांचंही लग्न राहून गेलेलं.

झालं! एकच कल्ला उठला. दोन्हीकडची माणसं परसात जाऊन एकमेकांवर तुटून पडली. ओट्यावर उरले हे दोघं मिठाचे खडे. मी चपला शोधत होते, म्हणून मला ऐकू आलं. भाऊजी पोह्यांची बशी हातात धरून म्हणाले, "मीठ जास्त झालंय."

बाई म्हणाल्या, "हो. मीच केलेत. जास्तच झालंय."

भाऊजींनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत त्यांच्या खरं बोलण्यावर लोक रागावले होते, रडले होते, उठून गेले होते. 'हो' असं साधं कोणी म्हटलंच नव्हतं. त्यांनी ते खारट पोहे बशी चाटूनपुसून संपवले. मला तेव्हाच कळलं, की आता हा माणूस आपल्या हाती लागत नाही.

गावाने मात्र त्यांना वाळीतच टाकलं म्हणा ना. तोंडात तीळ भिजत नाही, याला कशाला न्यायचं? पोह्यांची आमंत्रणं बंद झाली. पण रोज संध्याकाळी दिवेआगरच्या बाईंशी फोन सुरू झाला. भाऊजींच्या आवाजाला भिंत काय अडवणार? आणि फोनही सदा स्पीकरवर. प्रेमातली माणसं काय काय बोलत असतील असं तुम्हाला वाटतं? हे बोलायचे गुडघ्यांवर. "माझा उजवा दुखतो." "माझा डावा." एकदा त्या म्हणाल्या, वादळात वाडी झोपली ती झोपलीच, नव्या सुपाऱ्या लावल्यात, त्या धरतील तेव्हा बघायला मी असेन का कोण जाणे. भाऊजी म्हणाले, "मलाही माहीत नाही. पण पाणी घालायला मी येऊ शकतो."

आणि जायला लागले. लपवाछपवी जमत नसे. एसटीच्या थांब्यावर कोणी विचारलं 'कुठं निघालात?' तर पुकारा केल्यासारखं उत्तर, "दिवेआगरला. एका बाईंना भेटायला. मला त्या आवडतात." पोरंटोरं फिदीफिदी हसायची. म्हाताऱ्याने गुडघ्याला बाशिंग बांधलंय म्हणायची.

एका संध्याकाळी ते माझ्या पायरीवर येऊन बसले. "वहिनी, रीतसर मागणी घालायला या असं त्यांचं म्हणणं आहे. घरातलं कोणीतरी सोबत घेऊन. भाऊ अजून रागावलेला आहे, तो नाही म्हणाला तर त्या घर मोडून येणार नाहीत." मग म्हणाले, "सगळीकडे विचारून आलो. कोणाला ड्युटी आहे, कोणाची गाडी गॅरेजला आहे. खोटं बोलत होते सगळे." ज्या घरांतल्या नवऱ्यामुलांसाठी हा माणूस गावोगाव हिंडला, त्या घरांत त्याच्यासाठी एक माणूस निघेना. असा संताप आला मला! म्हटलं, "मी येते की." कोणीतरी कुजबुजलंच, की विधवा बाई शुभकार्याला पुढे? हे असलं काही मानायचं नाही, असं आमच्यात आजोबांच्या पिढीने धम्म घेतला तेव्हाच ठरलंय. पण ठरलेलं सगळं माणसांच्या डोक्यातून जातंच असं नाही. गेले मी.

दिवेआगरला बाईंचा भाऊ तोंड फिरवून बसलेला. बोलायचं मी होतं. आदल्या दिवशी सगळं घोकलं होतं, पण तिथे माझी बोबडीच वळली. तेवढ्यात भाऊजी खाकरले आणि जन्माच्या सवयीने सुरू झाले. आज नवरामुलगा आपणच आहोत, हे बहुतेक विसरूनच गेले.

"मुलाबद्दल सांगायचं, तर मुलगा निर्व्यसनी आहे. पेन्शन आहे, थोडी आहे. मुलगा हेकट आहे. घोरतो. त्याच्या बोलण्याने माणसं तुटतात, हे त्याला कळतं, पण उशिरा कळतं." मी त्यांचा सफारी ओढायला लागले. ते कुठले थांबतात! "मुलगा सांगत नाही कोणाला, पण एकटा राहून कंटाळलाय. घरात आवाज व्हावा म्हणून दारात आपल्याच नावाने ओरडतो. तुम्ही नाही म्हणालात, तर तुमचं चुकलं असं म्हणता येणार नाही. पण मुलाला फार वाईट वाटेल."

एवढं बोलून त्यांचा तो कोर्ट हादरवणारा आवाज बसला. माझ्या डोळ्यांना धार लागली होती. स्वैपाकघरातून बाई बाहेर आल्या, हात पुसत. भावाकडे बघून म्हणाल्या, "आता मुलीकडचंही ऐकून घ्या. मुलगी रागीट आहे. वाडी सोडून कुठेही येणार नाही. तिलाही संध्याकाळी घर खायला उठतं. भावाचं भरलेलं घर आहे, तरी उठतं. हे तिने भावाला कधी सांगितलं नाही."

भावाने वळून बहिणीकडे पाहिलं. मग नाक ओढून म्हणाला, "आता मी काय न्हाय म्हनू? साखर आणा कोणीतरी."

तिथल्या तिथे साखरपुडा झाला. बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावली, त्रिसरण-पंचशील झालं. खोटं न बोलण्याच्या चौथ्या शीलाला त्या दोघांचा आवाज जरा जास्तच चढला, आणि मघाचा रागावलेला भाऊ पोट धरून हसला.

परत येताना दिघीहून फेरीबोटीत बसलो. ऊन उतरलं होतं. भाऊजींच्या ओठाला अजून साखर लागलेली. लग्न झालं की ते दिवेआगरलाच राहणार, हे ठरल्यातच जमा होतं. मला आनंद झाला होता, अगदी मनापासून झाला होता. पण आता भिंतीपलीकडे कुलूप.

"वहिनी," ते म्हणाले, "तुमचं कसं व्हायचं?"

"माझं काय व्हायचंय? मुलगा आहे, सून आहे. एकटीला सवय झाली आता. मजेत राहीन मी."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. खोटं धरल्याशिवाय हा माणूस कधी राहिलेला नाही. मी वाट बघत होते, आता बोलतील, आता बोलतील. खरं सांगते, बोलावं असंच मला वाटत होतं.

"बरं," भाऊजी म्हणाले, आणि पाण्याकडे तोंड करून बसले.