काऊनची फाइल

सुनंदाताई खोब्रागडे ‘नमस्कार’च्या जागी ‘काऊन?’, म्हणजे ‘का?’, म्हणत. मी पहिल्या दिवशी आदिलाबादच्या त्यांच्या ऑफिसात शिरलो, हात जोडले, तर चष्म्यावरून पाहत म्हणाल्या, “काऊन आला, बाबू?” मी म्हटलं, “नोकरीसाठी, ताई. तीन महिने परीक्षा आहे ना.” “कोनाची? तुही का माही?”

ताई मूळच्या बेला गावच्या. बरीच वर्षं शाळेत गणित शिकवलं, मग पायथॉन ही संगणकाची भाषा शिकल्या आणि खताच्या दुकानावर दोन खोल्या घेऊन सॉफ्टवेअरचं ऑफिस थाटलं. मला पहिलं काम मिळालं ते असं: शेतकऱ्यानं मोबाइलवरून गावाचं नाव पाठवावं आणि त्याला कापूस कधी, कुठल्या बाजारात आणायचा ते उत्तर जावं. मी दोन दिवसांत एकतीस लायब्रऱ्या ओढून आणल्या. लायब्ररी म्हणजे दुसऱ्या कुणी लिहून ठेवलेला आयता प्रोग्रॅम. आयतं म्हटल्यावर मी कशाला मागं राहतो?

ताईंनी यादीची फाइल पाठवली. तिच्यात एका रकान्याचं नाव इंग्रजी अक्षरांत, के-ए-यू-एन. प्रत्येक लायब्ररीसमोर तो भरून आण, म्हणाल्या. मी बेल्लमपल्लीच्या खाणकामगारांच्या क्वार्टर्समध्ये वाढलेला, अर्धा दिवस हिंदीत जायचा. मी वाचलं, ‘कौन’. आणि एकतीस लायब्रऱ्यांसमोर प्रामाणिकपणे एकतीस वेळा लिहिलं, ‘मी’.

ताई वाचत गेल्या आणि हसून खुर्चीवरून घसरल्या. “अरे, पोलिसाच्या मारानंबी कोनी एकतीस गुन्हे कबूल नाही करत! कौन नाही रे, काऊन! काऊन घेतली ते लिव!”

लिहायला बसलो तेव्हा चोवीस लायब्रऱ्यांना कारणच सापडेना. एक तर मी केवळ तिचं चित्र गोड होतं म्हणून घेतली होती. त्या काढून टाकल्या, सात उरल्या.

त्या सातांतलीच एक उलटली. अर्धवट लिहिलेलं गाव ओळखायचं तिचं काम. पण पहिली दोन-तीन अक्षरं जुळली, की त्यांतलं सगळ्यांत लांब नाव ती उचलायची. ताईंच्या सख्ख्या भावानं ‘बेला’ पाठवलं, उत्तर गेलं, ‘बेल्लमपल्लीचा बाजार’. त्यानं बैलगाडी जुंपूनच फोन केला. “सुनंदे, तेथी कोळसा निंघते! माहा कापूस का खानीत टाकू?”

परीक्षेचे पंधरा दिवस उरले होते. मी घाईघाईनं म्हणालो, “ताई, ही फेकतो, दुसरी आणतो.”

“काऊन? चपलेचा अंगठा तुटला त शिवून घे. नवी भेटेपावतर अनवानी फिरशीन.”

मग मी तिच्या आत शिरलो. पूर्ण जुळणारं नाव आधी पाहायचं, एवढीच चार ओळींची दुरुस्ती. ती लायब्ररी लिहिणाऱ्या परदेशी गृहस्थाला पाठवली. त्याचं एका शब्दाचं उत्तर आलं, ‘व्हाय?’

मला वाटलं, नाकारलीच. ताई मात्र खूश. “पाह्य रे! त्याच्या गावातबी काऊन हाय!”

मी त्याला बैलगाडीसकट सगळं कळवलं. त्यानं दुरुस्ती घेतली. आता त्या लायब्ररीत काहीही बदललं, की बेला आणि बेल्लमपल्लीची गल्लत होत नाही ना, हे आधी तपासलं जातं.

परीक्षेचा शेवटचा दिवस उजाडला. संध्याकाळी मी धीर करून ती फाइल उघडली. सात लायब्रऱ्यांखाली आठवी ओळ होती. माझं नाव. पुढे आवृत्ती, ०.१. आणि ‘काऊन’च्या रकान्यात: ‘चुकते, पन दुरुस्त होते.’

“ताई, ०.१च काऊन?”

“पहिले माहा भाऊ हसाचा थांबू दे.”

दोन वर्षांपूर्वी ताई ऑफिस माझ्यावर सोपवून आपल्या गावी परतल्या. निघताना पिशवी खाली ठेवली, ती फाइल उघडली आणि माझा आकडा ०.२ केला.

मी काऊन विचारलं नाही.