अप्पांचं तिकीट

तंजावूरच्या राजवाड्याचं तिकीट काढायचं नाही, अशी माझ्या अप्पांनी शपथ घेतली होती. ती कोणी मागितली नव्हती, आणि राजवाड्याच्या कानावरही गेली नव्हती. तरी अप्पा ती वर्षानुवर्षं पाळत होते. आमचं घर राजवाड्यामागच्या गल्लीत, आणि मी कॉलेजात जायला लागले तरी अप्पांबरोबर आत पाऊल टाकलेलं नव्हतं.

कारण असं, की आजोबांकडे सणावाराला दरबारात दिवे लावायचं काम होतं. नवरात्रात अप्पा आणि त्यांची थोरली बहीण, म्हणजे माझी आत्या, तेलाची बुधली घेऊन त्यांच्या मागे जात. पुढे दिवे गेले, आजोबाही गेले, आणि दारात तिकिटाची खिडकी आली. "ज्या दारांतून आम्ही तेल घेऊन गेलों, तेथें पैसे देऊन जाऊं? होणार नाहीं!" हे अप्पांचं वाक्य आमच्या घरात इतक्यांदा ऐकू येई, की भिंतींनाही पाठ झालं असेल. दिवे लावणाऱ्याचा हा मुलगा वीज कचेरीत बिलं लिहीत असे. त्यात काही गंमत आहे असं त्यांना वाटत नसे. मला वाटे, पण मी बोलत नसे. त्या काळी मला मराठी वाचता येत नव्हतं, वाद मात्र घालता येत होता, आणि अप्पांशी घातलेला प्रत्येक वाद मी हरत होते.

मग देशात नवे वारे वाहू लागले, आमच्या गल्लीतही गच्च्यांवर टीव्हीच्या छत्र्या उगवल्या, आणि एका ऑक्टोबरात पुण्याहून आत्या आली. लग्न होऊन गेली ती इतक्या वर्षांनी येत होती. सोबत तिचा मुलगा, त्याची नव्या कंपनीतली नवी नोकरी, आणि खांद्यावर व्हिडिओ कॅमेरा. स्टेशनावरच आत्यानं जाहीर केलं, "गुडघे संपलेत. डॉक्टर म्हणाले, एवढा प्रवास आता पुन्हा नाही. मला दरबार एकदा बघायचाय, आणि तो ह्याचा हात धरून." ह्याचा म्हणजे अप्पांचा. अप्पांनी तिची पेटी उचलली आणि विषय आभाळाकडे नेला.

पुढचे दोन दिवस अप्पांनी पाहुण्यांना तंजावूरची सगळी फुकटची राजेशाही दाखवली. मोठं देऊळ झालं. खंदक झाला. जुन्या गल्ल्या झाल्या, त्यांतल्या प्रत्येक घरी कॉफी झाली, आणि प्रत्येक घरच्या गोलूतल्या, म्हणजे नवरात्रात पायऱ्यांवर मांडलेल्या, बाहुल्यांना नमस्कार झाला. भाड्याच्या मोटारीतून भातखाचरांमधून ओरत्तनाडूला जाऊन राजानं बांधलेलं छत्रही झालं. वाटसरूंना जेवू घालायला बांधलेली ती वास्तू, तिथे तिकीट नाही. अप्पा असे शिरले, जणू कालच भाडेकरू बाहेर काढले होते. कोरीव खांबांपाशी उभे राहून त्यांनी हात फिरवला आणि म्हणाले, "पाहा! येथें कोणी विचारतो काय, तूं कोण म्हणून?"

आतेभाऊ कॅमेऱ्यामागून म्हणाला, "मामा, तुम्ही बोललात की कोणीतरी आत्ताच घोड्यावरून उतरल्यासारखं वाटतं."

त्याला वाटेत तहान लागली तेव्हा त्यानं टपरीवरून पाण्याची बाटली विकत घेतली. अप्पांनी ती हातात घेऊन उलटीसुलटी केली. कावेरीच्या मुलखात पाणी विकत! "अय्यो," ते म्हणाले, "पाण्याला पैसे, राजाला पैसे. उद्यां श्वासाला घेतील." पण बाटली परत दिली नाही. दिवसभर काखेत धरून हिंडले.

परतताना मोटारीत आत्या हसत सांगू लागली. "हा तेल द्यायचं सोडून खांबाला टेकून झोपायचा. इकडे दिव्यातलं तेल संपायचं. मग मी ओरडायचे, तेल आण रे, की हा झोपेतच पळत यायचा. निम्मं तेल फरशीवर." मग तिनं विचारलं, "उद्या संध्याकाळची गाडी आहे. दरबार कधी दाखवतोस?"

"पाहूं," अप्पा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आत्या स्वतःच निघाली आणि तिच्यामागून आम्ही सगळे. अप्पा तिकिटाच्या खिडकीपर्यंत आले आणि तिथल्या पायरीवर थांबले, कालचीच बाटली काखेत. मला वाटलं, आता बहिणीसाठी तरी हा माणूस विरघळेल. कसला विरघळतो! "अक्का, तूं जाऊन ये. मी येथें चपला राखतों."

"इथे चपला काढायच्याच नाहीत," मी म्हणाले.

"तरी राखतों."

आत्या त्यांच्याकडे बघत राहिली. मला त्या क्षणी अप्पांचा खराखुरा राग आला. आपली शपथ मोठी की तिचे गुडघे? आतेभावाला घरातलं हे महाभारत ठाऊकच नव्हतं. त्यानं सरळ सगळ्यांची तिकिटं काढली, कॅमेऱ्याचं वेगळं काढलं आणि गठ्ठा माझ्या हातात दिला. त्यात अप्पांचंही होतं. मी ते मुठीत दडवलं. दाखवलं असतं तर त्यांनी ते तिथेच फाडलं असतं.

आम्ही अंगण ओलांडून दरबारात गेलो. रंगवलेले खांब, वर चित्रं, कोपऱ्यांत कबुतरं, आणि मधोमध एक ट्यूबलाइट, तीही लुकलुकणारी. आत्या एका खांबापाशी जाऊन उभी राहिली. भिंतीतल्या दिव्याच्या रिकाम्या कोनाड्यावर तिनं हात ठेवला. मुलाला वाटलं, आई आता रडणार. त्यानं कॅमेरा सरसावला.

आत्यानं श्वास घेतला आणि दाराकडे तोंड करून, पुण्याची सगळी वर्षं बाजूला सारून ओरडली, "तेल आण रे! दिवा जातो आहे!"

कबुतरं उडाली. दोन परदेशी पाहुणे खाली बसले. आणि बाहेरच्या पायरीवरून साठीला टेकलेले माझे अप्पा उठले आणि धावत सुटले. नेसलेल्या वेष्टीचा काठ एका हातात, बाटली दुसऱ्या हातात. दारावरचा माणूस तमिळमध्ये "सार, सार, टिकेट!" म्हणत त्यांच्यामागे, आणि त्याला अडवायला मी पुढे. मी मूठ उघडून तिकीट दाखवलं. त्यानं ते फाडून अर्धं परत दिलं आणि "सेरी", म्हणजे बरं, म्हणून वळला. अप्पांनी मागे पाहिलंच नाही.

ते आत्यासमोर पोचले तेव्हा धापा टाकत होते. बाटली तिच्यापुढे केली. मग आपण कुठे उभे आहोत ते त्यांच्या ध्यानात आलं.

"सांडलें नाहीं," ते हळूच म्हणाले.

"शहाणा झालास," आत्या म्हणाली आणि तिनं त्यांचा हात धरला. मग दोघं त्या मोठ्या दालनातून एकेका कोनाड्यापाशी थांबत हिंडली. अप्पा, लहानपणी कोणता कोनाडा कोणाच्या हाताला पोचत नव्हता ते फक्त बोटानं दाखवत होते. माझा राग कुठे गेला कळलं नाही. मला रडू येत होतं आणि आतेभाऊ कॅमेरा माझ्याकडेच धरून उभा होता.

बाहेर पडताना अप्पा दारावरच्या माणसापाशी थांबले आणि ताठ मानेनं त्याला सांगितलं, "आम्ही येथलेच. आम्हाला तिकीट नसतें." तो मराठीतलं अक्षरही न समजता हसला.

संध्याकाळी स्टेशनावर आत्यानं मला बाजूला घेऊन हात पुढे केला. तिला सगळं दिसलं होतं. मी ते अर्धं तिकीट दिलं. तिनं ते पाकिटात घातलं आणि म्हणाली, "त्याला सांगू नकोस."

मी सांगितलं नाही. आत्या पुन्हा आली नाही. अप्पा मात्र त्यानंतर घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला हौसेनं दरबार दाखवायला नेतात. दारातून बेधडक आत शिरतात, आपल्याला कोणी अडवत नाही ते पाहुण्यांना कौतुकानं दाखवतात, आणि मी आधीच पुढे जाऊन खिडकीवर एक तिकीट जास्त मागते.