भिंतीत गेलेली सावली

माझा मेहुणा स्वेतोझार प्लोव्हदिव शहरातला नावाजलेला इंटिरियर डिझायनर. घरात मात्र त्याचं नाव ससा. समोरासमोरच्या दोन खिडक्या उघड्या दिसल्या की हा आधी वारा बाधेल म्हणून मफलर शोधतो. कामावर गेला की मात्र काळा सदरा, गळ्यात चष्मा आणि असा रुबाब, की विटांनीही उठून उभं राहावं.

यंदा त्याच्याकडे जुना तंबाखूचा कारखाना आला. मालकीण दोब्रिनाबाईंना तिथे रेस्तराँ हवं होतं. पानं सुकवायच्या लाकडी चौकटींचे त्याने टांगते दिवे केले आणि स्वयंपाकघर झाकायला मध्ये एक नवी भिंत आखली. ती बांधायला आला म्हातारा गवंडी, उस्ता राशो.

टेबलं कुठे मांडायची ते स्वेतोझार मला हातवारे करून सांगत होता. कामाचा मोठा दिवा त्याच्या पाठीशी होता. समोर पाहतो तर राशो भिंतीवरच्या त्याच्या सावलीला दोरी लावतोय, डोक्यापासून पायापर्यंत. दोरी कापली, विटांच्या फटीत सरकवली, वर चुन्याचा थापा.

आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं: सावलीचं माप भिंतीत गेलं की भिंत टिकते, माणूस टिकत नाही.

"उस्ता, ती दोरी कसली?" स्वेतोझारने विचारलं.

"कुठली दोरी?"

झालं! स्वेतोझारचं अन्न तुटलं. जिना चढून धाप लागली तरी म्हणायचा, "बघ, सुरू झालं." डॉक्टर म्हणाले, हृदय घोड्यासारखं आहे. "घोडेही मरतात," हा म्हणाला.

"अरे, त्या कारखान्यात लोकांनी जन्मभर तंबाखू हुंगला, ते जगले," माझी बहीण त्सोन्का करवादली. "तू दोरीने मरतोस होय?" पण स्वयंपाकघरात जाऊन तिने गुपचूप मेणबत्ती लावली. ते पाहून मीही शेजारी एक लावली.

उद्घाटनाच्या आदल्या सकाळी स्वेतोझारने स्वतः हातोडा घेतला. दोब्रिनाबाई ओरडत राहिल्या, याने भिंत फोडली आणि दोरी ओढून काढली. राशो शांतपणे विडी ओढत होता.

"माझीच का, उस्ता?"

"सारखे तुम्हीच तिथे उभे. वरचा मजला कुरकुरतो, साहेब. भिंतीला जीव लागतो. आता ही काढलीत, तर दुसरी कुणाची घालू ते सांगा."

"कोंबड्याची घाल!"

"कोंबड्याच्या जिवावर कोंबड्याचं खुराडं उभं राहतं. इथे दोनशे माणसं जेवायला बसणार."

स्वेतोझारने वळून पाहिलं. दारात दोब्रिनाबाई उभ्या होत्या. शिडीवर वायरमन. दिव्यासमोर मी. माझी सावली लांबलचक पसरली होती आणि त्याची नजर तिच्यावर ठरली. मेहुण्याला मी इतकी वर्षं ससा म्हणून हिणवलं. त्या क्षणी मला पाय हलवता येईना.

वरून लाकूड कुरकुरलं.

"दुसऱ्या कुणाची नको," तो म्हणाला. आपलीच दोरी तो परत फटीत सारू लागला, पण ती शिरेना. शेवटी राशोने त्याचं मनगट धरलं. चुना मात्र स्वेतोझारने स्वतःच भरला.

उद्घाटनाला सगळे पोटभर जेवले. भिंतीची वाहवा झाली. स्वेतोझार दाराशी बसून छताकडे बघत होता. त्सोन्काने त्याच्या तोंडात बळेच एक घास कोंबला आणि तो गिळेपर्यंत त्याचा हात सोडला नाही.