शुद्ध मराठीतला नवरा

देवपूरच्या आमच्या घरात भांडणं अहिराणीत व्हायची आणि लाडही अहिराणीतच. मग नवऱ्याचं बाहेरचं प्रकरण मला कळलं आणि घरातली बोलचालच बंद झाली. पण गल्लीत आमचं नाव होतं आदर्श जोडपं म्हणून. ते घालवायची दोघांचीही तयारी नव्हती. म्हणून बेल वाजली की नाटक सुरू.

“अहो, चहा घेता ना?”

“हो, पण तूही बस ना जरा.”

टीव्हीवरच्या मालिकांनी तोंडात बोटं घालावीत, इतकं शुद्ध! या माणसानं मला जन्मात ‘बस ना जरा’ म्हटलं नव्हतं. ‘बठ ना वं’ म्हणायचा मेला.

एकदा शेजारच्या अक्का विरजण मागायला आल्या. आम्ही लगेच सुरू झालो. अक्कांनी वाटी हातातच धरून आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“बठ्ठं शुद्ध चाली ऱ्हायनं,” त्या म्हणाल्या. “बोलचाल बंद शे का तुमनी?”

सगळं शुद्ध चाललंय म्हणजे काहीतरी बिनसलंय, हे गल्लीला केव्हाचंच कळलं होतं. मूर्ख काय ते आम्ही दोघंच.

पुढे रीतसर घटस्फोट झाला आणि तो जळगावला गेला. परवा त्याचा फोन आला.

“भरीतना वांगा धाडू का वं?”

मी अहिराणीत त्याचा यथेच्छ उद्धार केला. त्यानंही तोडीस तोड उत्तर दिलं. कितीतरी वर्षांनी आम्ही नवराबायकोसारखे बोललो.