गुडघ्यावरचं ठिगळ

मास्तर म्हटलं की लोकांना छडी आठवते. या मास्तरांच्या हातात छडी नव्हती, गळ्यात मापाची टेप होती. शिवणकामात वीस वर्षं घालवलेला माणूस. जेवायला बसतानाही टेप काढायचं त्यांच्या लक्षात राहत नसे. एकदा तिचं टोक ताटात बुडालं, तेव्हा बायको म्हणाली होती, "अहो, मोजूनमापून जेवायला सांगितलं होतं डॉक्टरांनी, पण असं नव्हे."

माणूस तसा सुखी. दुकान घरापासून दहा मिनिटांवर, शेजारी गप्पांना चष्मेवाला, घरी बायको आणि दोन पोरं. मोठी मुलगी सात वर्षांची. तिला सगळे रेडिओ म्हणत, कारण तिच्या तोंडात तीळ भिजत नसे. मास्तरांनी बायकोसाठी गुपचूप ड्रेस शिवायला घेतला होता, तर त्याची बातमी रंगासकट आणि बटणांच्या संख्येसकट त्याच संध्याकाळी घरी पोचली होती. धाकटा सव्वा वर्षाचा. गोल, चकचकीत, आणि दिसेल त्या फटीत जाऊन अडकणारा. त्याचं नाव बटण पडलं ते शिंप्याच्या घरात पडायचंच होतं.

एवढ्या सुखात मास्तरांच्या मनात एक सल होता. रेडिओचं पहिलं काहीच त्यांनी पाहिलं नव्हतं. तिला पहिला दात आला तेव्हा ते एका नवरदेवाच्या कोटाला अस्तर लावत होते. तिने पहिलं पाऊल टाकलं तेव्हा ते एका गिऱ्हाइकाच्या पोटाला टेप पुरते का ते बघत होते. पुरली नव्हती. आणि तिने आयुष्यात पहिल्यांदा "बाबा" म्हटलं ते दूधवाल्याला. तो बिचारा नंतर कितीतरी दिवस दूध दाराबाहेर ठेवून पळायचा.

"याचं पहिलं पाऊल मी बघणार," मास्तरांनी जाहीर केलं होतं. "माझ्या या डोळ्यांनी."

"मग डोळे तपासून ठेव," चष्मेवाला म्हणाला होता. "ऐन वेळी धुरकट दिसायला नको."

बटण पलंगाला धरून उभा राहायला लागला, तसं मास्तरांनी दुकानाला सोमवारपासून तीन दिवस चक्क कुलूप लावलं. ऐन शाळा सुरू व्हायच्या दिवसांत! गणवेशवाले दारावर येऊन शिव्या घालून गेले. मास्तर घरी जमिनीवर फतकल मारून बसले. समोर बटण बसला. मास्तरांनी खुळखुळा वाजवला, टाळ्या वाजवल्या, खुर्चीभोवती स्वतः चालून दाखवलं. बटणने सगळा कार्यक्रम गंभीरपणे पाहिला आणि बसला तो बसलाच. फार तर रांगत यायचा, टेप ओढायचा, परत जायचा.

"त्याला वाटतंय, चालायचं काम बाबांचं आहे," बायको म्हणाली. "अहो, जा आता दुकानात. आठवडाभर असेच बसलात तर तुम्हालाच चालता यायचं नाही."

बटण रांगायचाही असा जोरात की विजारीच्या गुडघ्यांना दोन दिवसांत भोकं. मास्तर कोटाच्या उरलेल्या तुकड्यांची ठिगळं लावत. त्यामुळे गुडघ्यापुरता बटण एखाद्या बड्या साहेबासारखा दिसायचा. गुरुवारी सकाळी त्यांनी निळ्या विजारीवर दोन ताजी ठिगळं मारली, ती त्याला चढवली, पायात मोजे घातले आणि मान खाली घालून दुकान उघडलं.

त्या संध्याकाळी घरी आले तर घर जरा जास्तच शांत. बायकोने बटणला कडेवर घट्ट धरलेलं. रेडिओ कोपऱ्यात बसून चित्र रंगवत होती, आणि ओठ आत ओढून घेतलेले.

"चालला का गं?" मास्तरांनी चपला काढायच्या आधी विचारलं.

"छे हो! तुमच्याशिवाय कसा चालेल? वाट बघतोय तुमची."

मास्तर सुखावले. रेडिओकडे वळून म्हणाले, "आज काय बातमी?"

रेडिओ उठली, गटागटा पेलाभर पाणी प्यायली आणि म्हणाली, "काही नाही." मग अजून एक पेला प्यायली.

शुक्रवारीही तेच. कडेवर बटण, कोपऱ्यात रेडिओ, आणि माठातलं पाणी संपलेलं. "हिला बरं नाही का गं?" मास्तरांनी काळजीने विचारलं. "उन्हाळा आहे," बायको म्हणाली. बाहेर चांगला गार वारा सुटला होता.

शनिवारी संध्याकाळी बायकोने धुवायच्या कपड्यांचं गाठोडं पुढे टाकलं. मास्तरांनी सवयीप्रमाणे निळी विजार काढून खिडकीशी धरली. गुडघे पाहिले. अंगठ्याने ठिगळ चोळलं. ठिगळ जसंच्या तसं. एक धागा निघालेला नाही. गुरुवारपासून रोज धुऊन वाळवून परत चढवलेली, म्हणजे तीन दिवसांची विजार, आणि गुडघे शाबूत!

मग त्यांनी मोजे उचलले. तळवे काळेकुट्ट. अंगठ्याजवळ भोक पडायला आलेलं.

माणूस कुठे वाकतो, कुठे टेकतो, कुठल्या खांद्यावर पिशवी घेतो, हे मास्तर कपड्याच्या झिजेवरून सांगायचे. गिऱ्हाइकं थक्क व्हायची. इथे तर सांगायला काही उरलंच नव्हतं. पोरगा गुरुवारपासून घरभर हिंडत होता.

म्हणजे हेही गेलं.

मास्तरांनी विजार मांडीवर पसरली. स्वयंपाकघरातून बायकोचा दबका आवाज आला, "उद्यापर्यंत. उद्या ते घरी आहेत. एकच दिवस राहिला, बाळा." आणि रेडिओचा कण्हल्यासारखा आवाज, "आई, माझ्या पोटात दुखतंय ते सांगितलं नाही म्हणून."

"मग पाणी पी."

मास्तरांनी मोजे हळूच गाठोड्याच्या तळाशी सारले. विजारीला काही झालं नव्हतं, तरी उगाचच सुई ओवून एक टाका घातला. बायको बाहेर आली तेव्हा म्हणाले, "फाटलीय पार. किती रांगतं हे पोर!"

बायकोच्या चेहऱ्यावर असा काही आनंद पसरला, की त्या खोट्यासाठी मास्तरांना कुणीही माफ केलं असतं.

रविवारी सकाळी नऊ वाजता प्रयोग झाला. मास्तरांना घरच्या शिलाई मशीनपुढे बसवलं, बटणला कपाटाशी उभं केलं. "अहो, बघा बघा! सोडलं हं कपाट!" बायको ओरडली. बटण निघाला. पहिल्यांदाच चालणारं पोर डगमगतं; हा मधल्या स्टुलाला व्यवस्थित वळसा घालून आला, वाटेत थांबून खाली पडलेलं दोऱ्याचं रीळ उचललं आणि मास्तरांच्या हातात आणून दिलं. नुसतं "घ्या, बाबा" म्हणायचं बाकी होतं.

"अरे वा! अरे वा रे माझ्या बटणा!" मास्तरांनी त्याला वर उचललं.

रेडिओ मध्ये घुसली. चेहरा लालबुंद, डोळे मोठे. "बाबा, तुम्हीच पहिले! तुमच्याआधी कुणीच नाही बघितलं! आईने पण नाही, मी पण नाही! गुरुवारी तर मुळीच नाही!"

बायकोने कपाळाला हात लावला. मास्तरांनी ते पाहिलंच नाही असं दाखवलं. ते रेडिओकडे बघत होते. पेन्सिल हरवली तरी गल्लीला कळवणारी ही पोरगी. हिने तीन दिवस घरातली सगळ्यात मोठी बातमी पोटात ठेवली, पाणी पिऊन पिऊन ठेवली, आणि ती बापासाठी. हे पहिल्यांदाच होत होतं. ते होताना मास्तर हजर होते. याच डोळ्यांनी बघत होते, आणि डोळे अगदी धुरकट झाले होते.

"एवढं रडायला काय झालं? चाललाय तो, परदेशी नाही निघाला," बायको म्हणाली, आणि स्वतःच पदराने डोळे पुसले.

मास्तरांनी रेडिओला जवळ ओढलं. "खरंच कुणी बघितलं नाही?"

"अज्जिबात नाही," रेडिओ म्हणाली.

सोमवारी दुकान उघडताच चष्मेवाला आला. "काय मास्तर? चालला म्हणे!"

"चालला."

"बघितलंस ना, या डोळ्यांनी? पलंगापासून थेट बादलीपर्यंत! कमाल आहे बुवा पोराची."

मास्तरांचा हात कात्रीवर थांबला. काल पोरगा कपाटापासून मशीनपर्यंत आला होता. बादली कुठे होती मध्ये?

चष्मेवाल्याने जीभ चावली. "शपथ घातली होती रे तुझ्या पोरीने. गुरुवारी दुपारी दुकानात शिरली, दार लावून घेतलं, कानात सांगितलं आणि म्हणाली, काका, बाबांना सांगितलंत तर तुमच्या सगळ्या काचा फोडीन."

"आणखी कुणाला सांगितलं तिने?"

"कुणालाच नाही रे. मीही तिला तेच विचारलं. म्हणाली, एकाला तरी सांगावंच लागतं ना, नाहीतर श्वास घेता येत नाही."

"एकालाच?" मास्तर उभेच राहिले. "एकालाच सांगितलं?"

"एकालाच."

मास्तरांचा चेहरा असा फुलला, की चष्मेवाल्याने चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावून बघितलं. "अरे, कुणाचं कौतुक चाललंय हे?"

"तुला नाही सांगणार," मास्तर म्हणाले, आणि गणवेशाच्या कापडावर खडूने झरझर रेघा मारायला लागले. तासाभराने त्यांनी माठातलं दोन पेले पाणी एका दमात संपवलं.