आक्कांची मूठ

मी वाचायला शिकलो तो धर्मपत्रिकांवर. वडील चर्चमधल्या उपासनेहून येताना त्या आणत. पातळ कागद, वर ठळक अक्षरात प्रश्न: तुमचे तारण झाले आहे काय? सोळाव्या वर्षी माझ्याजवळ सगळ्या प्रश्नांची उत्तरे होती. देवाच्या कामात तडजोड नाही, हे माझे लाडके वाक्य.

आई पत्रिका वाचत नसे. तिची भक्ती चुलीजवळच्या एका गाडग्यात होती. भाकरीसाठी पीठ घेतले की आधी एक मूठ त्या गाडग्यात टाकायची, मनात प्रार्थना करायची, आणि रविवारी ते पीठ पाळकांच्या, म्हणजे आमच्या धर्मगुरूंच्या, घरी पोचवायचे. आमच्या नगरकडच्या ख्रिस्ती मंडळीत सगळ्याच बायका हे करत. नियम एकच: पिठाला जो हात लावील त्याने आधी देवाची मूठ काढायची. लग्न झाल्यापासून आईची मूठ कधी चुकली नव्हती. वडिलांना पिंपरीच्या नव्या कारखान्यात काम लागले आणि आम्ही चिंचवडात एका शेतकऱ्याच्या घरी खोली घेतली, तेव्हाही सगळ्यात आधी बांधले गेले ते गाडगेच.

तिथे आईला विषमज्वर झाला. वडील भाकरी थापायला बसले. घरमालकीणबाई, ज्यांना आम्ही आक्का म्हणत असू, दारातून पाहत होत्या. गळ्यात तुळशीची माळ, आवाज शेताच्या बांधापर्यंत पोचणारा.

"भाऊ, ही भाकर हाय का कौल? सरका तिकडं."

आई तापात बरळत होती, "मूठ... मूठ..."

"कसली मूठ म्हणती रं ही?"

मी नियम सांगितला. आक्कांनी परातीतली एक मूठ उचलून सरळ गाडग्यात टाकली.

"आक्का, ते आमच्या देवाचं आहे!"

"मग मी काय त्याच्या तोंडातलं काढून घेती व्हय? घालतीच हाय न्हवं?"

दोन दिवसांत आमचे पीठ संपले. आक्का स्वतःच्या घरची बाजरी दळून आणू लागल्या. आता हातही त्यांचा आणि पीठही त्यांचे. आईच्या नावाने हे अर्पण देणे म्हणजे देवासमोर खोटे बोलणे, असे माझे ठाम मत झाले.

ताप उतरला त्या सकाळी आईने पहिला प्रश्न केला, "मूठ चुकली का रे?"

वडील तिच्यामागून मला डोळ्यांनी दटावत होते. पण मला खोटे बोलता येईना.

"चुकली नाही. पण ती तुझी नाही. आक्कांनी टाकली, त्यांच्या पिठाची. पाळकांकडे न्यायची का नाही, तूच सांग."

आईने डोळे मिटले. इतकी वर्षे तिने जपलेले मी एका वाक्यात मोडले, असे मला वाटले. मग ती हळूच म्हणाली, "टाकताना प्रार्थना केली का त्यांनी?"

"केली की!" चुलीपासून आक्का ओरडल्या. "म्हणलं, देवा, तू कसा हायेस मला ठावं न्हाई, पर हिला लवकर उठीव. दोन दोन चुली न्हाई झेपत मला."

आई हसली. हसता हसता तिला ठसका लागला.

"घेऊन जा रविवारी," ती म्हणाली. "आणि कुणाची मूठ, तेही सांग."

मी वाटभर युक्तिवाद जुळवत गेलो. तिथल्या पाळकांच्या पत्नीने सगळे ऐकून घेतले, चिमूटभर पीठ नाकाशी नेले आणि म्हणाल्या, "बाजरी ताजी आहे हो. आक्कांना सलाम सांग."

आता मीच पत्रिका लिहितो. तडजोड नाही, हे वाक्य मला अजून प्रिय आहे. फक्त त्या चुलीपाशी तडजोड नेमकी कुणी केली, हे मला अजून दाखवता येत नाही.

आई पुन्हा चुलीपाशी बसली त्या दिवशी आक्का दारात आल्या आणि तिथेच घुटमळल्या.

"आता माझी मूठ बंद म्हणायची का काय?"

आईने परात त्यांच्याकडे सरकवली.